पंचहौदचा चहा, केडगावचा पश्चात्ताप

गुरुवार पेठेत पंचहौदपाशी घंटेचा एक उंच मनोरा आहे. चर्चच्या इमारतीपासून सुटा, एकटा उभा. शाळेत असताना आमची रिक्षा रोज त्याच्यासमोरून जायची. रिक्षावाले काका नवीन मुलांना हमखास सांगायचे, "इथंच टिळक चहा प्यायले होते बरं का." आम्ही हसायचो. चहा प्यायले तर प्यायले, त्यात सांगण्यासारखं काय? पुण्यात चहा कोण पीत नाही?

त्या चहाची गोष्ट मी नीट वाचली ती पंचविशी उलटल्यावर, आणि तीही एका वेगळ्याच कारणानं. मला तेव्हा झोप लागत नव्हती.

कारण आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या रात्री मी एक स्क्रिप्ट टेस्टऐवजी थेट लाइव्ह डेटाबेसवर चालवली. ग्राहकांच्या नोंदींमधला एक अख्खा रकाना रिकामा झाला. बॅकअपवरून सगळं पूर्ववत करायला चार तास लागले. गोम अशी की ती स्क्रिप्ट मी एका ज्युनियरच्या मशीनवरून, त्याच्याच लॉगिननं चालवली होती. तो जेवायला गेला होता, स्क्रीन उघडी होती आणि मला घाई होती. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात त्याचं नाव आलं. मीटिंगमध्ये मी होतो. मी काही बोललो नाही. वर 'हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं' याचा पाच कलमी तक्ता मीच भरला, आणि चांगला भरला. तीन महिन्यांनी त्या मुलाचं कंत्राट वाढवलं नाही.

माझा रूममेट नगरकडचा, मराठी ख्रिस्ती. तो रात्री झोपण्यापूर्वी फोनवर बायबल वाचतो. त्यांच्या घरात त्याला 'शास्त्र' म्हणतात. एका रात्री मी त्याला हे सगळं सांगितलं आणि म्हणालो, मला फार पश्चात्ताप होतोय. तो म्हणाला, "तुला वाईट वाटतंय. पश्चात्ताप झालाय की नाही, ते अजून ठरायचंय."

मला राग आला. पण वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला लागलो.

चहाचा हिशोब

१८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं होतं. टिळक, रानडे, गोखले असे कितीतरी लोक गेले. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला नुसता कप हातात धरला. पाहुण्यांमध्ये गोपाळराव जोशीही होते, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, आणि शहरात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२मध्ये चौकशी बसली. ग्रामण्य झालं. ज्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही त्यांच्या घरी भटजी येईनात, लग्नकार्यं अडली.

टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी बहिष्कारात अडकलेल्या मित्रांसाठी पुण्यात प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यासाठी सुधारकांची बोलणी खाल्ली. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही : चहा प्यायल्याचं तुम्हाला वाईट वाटतं का? विचारण्याची गरजच नव्हती. विधी झाला की खातं बंद.

इथं शास्त्रावर अन्याय करायला नको. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना आपण काय केलं ते उघड सांगणं आणि अनुताप होणं, या दोन गोष्टी आधी येतात. तप आणि अध्ययन त्यानंतर. तुकोबांच्या गाथेत अनुताप जागोजागी आहे. म्हणजे आपल्याकडे हे माहीतच नव्हतं असं नाही. पण पेठेतल्या व्यवहारात उरला होता तो तक्ता. मी भरला होता तसाच.

जिला शास्त्र पाठ होतं

चहाचं वादळ उठलं त्याच सुमारास, १८९०च्या नोव्हेंबरात, पंडिता रमाबाईंचं 'शारदा सदन' मुंबईहून पुण्यात आलं. विधवा मुलींची ही शाळा त्यांनी ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू केली होती.

रमाबाईंची गोष्ट आपल्याला शाळेत दोन ओळींत शिकवतात : विदुषी, समाजसुधारक, विधवांसाठी काम. त्या ख्रिस्ती झाल्या हे घाईघाईनं सांगून पुढं जातात. मला मात्र नेमका तिथंच थांबावंसं वाटलं. कारण धर्माच्या नियमांशी इतकं लांब आणि इतकं तपशिलात भांडण केलेलं दुसरं माणूस मला मराठीत माहीत नाही.

त्यांचा जन्म १८५८चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला. आईनं मुलीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणं सांगायचं, उपासतापास करायचं, मिळालेलं दान करून टाकायचं. मग दुष्काळ पडला. पुराण सांगणाऱ्याला दुसरं काम करणं कमीपणाचं वाटे आणि भीक मागणंही जमेना. आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. ज्यांनी सगळे नियम पाळले ते उपाशी मेले. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या.

त्या आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास त्यानंतरही तीर्थं करत राहिले. त्यांनी पुढं लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. हिमालयातल्या एका तळ्यात तरंगणारे सात डोंगर होते. यात्रेकरू निष्पाप असेल तर डोंगर त्याच्याकडे सरकतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत, अशी समजूत. तळ्यात मगरी आहेत म्हणून कुणी उतरायचं नाही, असं पुजारी सांगत. श्रीनिवासनं एका पहाटे सरळ उडी टाकली आणि पोहत जाऊन पाहिलं. तराफे होते. वर दगडमाती, त्यात लावलेली झाडं. दक्षिणा पोचली की मागून कुणीतरी ढकलायचं.

हा प्रसंग मी चारदा वाचला. आपण निष्पाप आहोत की नाही हे बाहेरून कुणीतरी सांगावं, ही माणसाची किती जुनी इच्छा! आणि तिच्यावर धंदा करणारेही तेवढेच जुने.

पुढं कलकत्त्यात १८७८मध्ये पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता', 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बायकांना धर्म सांगता यावा म्हणून त्या धर्मशास्त्रं वाचायला लागल्या. वाचून त्या ज्या निष्कर्षाला आल्या तो त्यांनी नंतर स्पष्ट मांडला : बाकी हजार बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ एका बाबतीत जुळतात, की बाई मुळात वाईट आहे आणि नवऱ्याच्या सेवेपलीकडे तिला गती नाही. म्हणजे जे शास्त्र त्यांना मुखोद्गत होतं, ते त्यांच्याशी बोलतच नव्हतं. त्यांच्याविषयी बोलत होतं, आणि वाईट बोलत होतं.

अशी बाई पुढं नियम या गोष्टीचाच कंटाळा करेल, असं मला वाटलं असतं. झालं उलटं.

विहिरीवरची बाई

१८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. १८८१मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२च्या फेब्रुवारीत नवराही गेला. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं आणि १८८३मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेज इथल्या जोगिणींकडे राहिल्या. याच संघाच्या जोगिणी पुण्यात पंचहौदलाही काम करत होत्या.

लंडनमध्ये फुलहॅमला त्यांना एक आश्रम दाखवला गेला. समाजानं 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायका तिथं राहत होत्या आणि जोगिणी त्यांची माणसासारखी देखभाल करत होत्या. रमाबाईंना हे नवीन होतं. त्यांना माहीत असलेल्या शास्त्रात अशा बाईला शिक्षा होती, परतीची वाट नव्हती. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका जोगिणीनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, तो अध्याय. तो तिची चूक झाकत नाही आणि तिला झिडकारतही नाही.

२९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

पण त्या चर्चच्या मुठीत गेल्या नाहीत. सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढं पुस्तकरूपानं छापला गेला. त्यात त्या सरळ सुनावतात की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. त्यांना देवाची आज्ञा हवी होती. ती मध्ये उभं राहून वाटणारा माणूस नको होता. या दोन गोष्टींतला फरक कळायला मला बराच वेळ लागला. ऑफिसात नियम आणि मॅनेजर एकाच चेहऱ्याचे असतात, त्यामुळे असेल.

पश्चात्ताप कशाचा?

आता खरा अवघड भाग. रमाबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या आयुष्यातलं मोठं वळण १८८३चा बाप्तिस्मा नव्हे. ते आलं आठेक वर्षांनी, १८९१च्या सुमारास, पुण्यात असताना. त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त सापडलेला नाही.

हे वाचून मी गोंधळलो. या बाईनं पश्चात्ताप करावा तरी कशाचा? आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. परदेशात फिरून, भाषणं देऊन, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहून तिनं विधवांसाठी पैसा उभा केला. मुंडण केलेल्या पोरींना हातात पाटी दिली. आणि तिला म्हणावंसं वाटतं की मी पापी आहे?

मला समजलं ते असं. तोपर्यंत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता तो तुलना करून. ही शिकवण अधिक न्यायाची, अधिक दयेची, म्हणून ही घेतली. त्यात त्या परीक्षक होत्या. विश्वास, बाप्तिस्मा, सदाचार ही नवी यादी त्यांनी चोख पूर्ण केली होती. १८९१मध्ये त्यांना दिसलं की यादी बदलली तरी यादी धरणारा हात तोच आहे. अजूनही आपण आपल्या जमेच्या बाजूवर उभ्या आहोत. ते सोडून, रिकाम्या हातानं, दुसऱ्याच्या दयेवर उभं राहायचं, हा त्यांचा पश्चात्ताप. तो एखाद्या कृत्याबद्दल नव्हता. उभं राहण्याच्या जागेबद्दल होता.

रूममेट म्हणाला होता त्याचा अर्थ इथं लागला. आपला शब्द पश्चात् आणि ताप मिळून झालाय : नंतर होणारी जळजळ. बायबलच्या जुन्या करारात यासाठी जो हिब्रू शब्द येतो, 'शूव', त्याचा साधा अर्थ मागं फिरणं. चुकलेल्या वाटेवरून वळून परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द, 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. दोन्हींत जळजळीला महत्त्व दुय्यम आहे. जळजळ बसल्या जागीही होते. मला वर्षभर होत होती.

या काळात बाहेर काय चाललं होतं तेही बघा. सदनात धर्मप्रसार करणार नाही, हा रमाबाईंचा शब्द. पण त्या स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. 'केसरी'नं झोड उठवली. १८९३मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवणं हा शब्द मोडणं होतं की नाही, यावर आजही वाद घालता येईल. आपल्या हातात असलेल्या मुलींवर आपल्या श्रद्धेचा भार किती पडतो, हा प्रश्न पालकांनी विचारला तो चुकीचा नव्हता, असं मला वाटतं. रमाबाईंनी दार लावलं नाही, हेही खरं.

केडगाव, जून १९०५

पुणे-दौंड लोकलनं हडपसर, लोणी, उरुळी, यवत असं करत गेलं की केडगाव लागतं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तेच पुढं 'मुक्ती' झालं. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथं सुमारे २००० जणी राहत होत्या. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळं बायकाच चालवत.

१९०४मध्ये वेल्समध्ये पश्चात्तापाची मोठी लाट उसळल्याच्या बातम्या येत होत्या. १९०५च्या जानेवारीपासून मुक्तीत मुलींचे प्रार्थनेचे गट सुरू झाले. ३० जूनला रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, आणि अचानक मुली रडायला लागल्या. मोठ्यानं प्रार्थना, आपल्या चुका सांगणं, हुंदके. नेहमीचे वर्ग बाजूला राहिले. हे दिवसेंदिवस चाललं.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता. दुष्काळातून वाचलेल्या या पोरी. कुणी विकलेल्या, कुणी टाकलेल्या. यांच्याशी जग वाईट वागलं होतं, आणि माफी मागतायत त्या? शिवाय अन्न, कपडे, छप्पर ज्यांच्या हातून मिळतं त्यांच्यासमोर रडणं किती मोकळं असेल? ही शंका मी अजून सोडलेली नाही. त्या काळी मिशनऱ्यांमध्येही या आरडाओरड्यावर नाक मुरडणारे होतेच.

तरी एक गोष्ट मला थांबवते. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या एका बाईला दगडांनी मारायला लोक जमलेत. नियमशास्त्र त्यांच्या बाजूला आहे. येशू एवढंच सुचवतो की ज्याच्या अंगी पाप नाही त्यानं सुरुवात करावी. थोरांपासून सुरू होऊन एकेक जण निघून जातो. मग तो तिला दोषी ठरवत नाही, पण तू काही केलंच नाहीस असंही म्हणत नाही. हा धडा ऐकताना मुली रडल्या. ज्यांच्याविषयी आयुष्यभर 'कर्म फुटकं', 'पांढऱ्या पायाची' असं बोललं गेलं, त्यांच्यातली एखादी उठून 'मी अमुक केलं' म्हणते, तेव्हा वाक्याचा कर्ता पहिल्यांदाच ती स्वतः असते. नशिबाला पश्चात्ताप करता येत नाही, माणसालाच येतो. मला वाटतं, त्या रडण्यात दडपण होतं आणि मोकळेपणाही होता. दोन्ही एकाच खोलीत.

१७६ श्लोक

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची जवळपास अठरा वर्षं एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. आधीची भाषांतरं होती, पण त्यांना गावातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवले आणि छापलं. १९२१मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४मध्ये निघालं.

कलकत्त्याच्या पंडितांनी जिला पदवी दिली, ती बाई सोपं लिहायला अठरा वर्षं घालवते. मी हे असं वाचतो : एक शास्त्र तिला पाठ होतं, पण तिच्यासारख्यांना ते वाचायचा अधिकार नव्हता. दुसरं तिनं अशा बायकांच्या हातात द्यायचं ठरवलं, मध्ये पुजारी न ठेवता, स्वतःही न थांबता.

त्या भाषांतरात ११९वं स्तोत्र आहे. बायबलमधलं सगळ्यात लांब. हिब्रूची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षरावर आठ श्लोक, एकूण १७६. जवळजवळ प्रत्येक श्लोकात देवाच्या नियमासाठी कुठला ना कुठला शब्द येतो. 'तोरा' हा त्यातला मुख्य. मराठीत त्याला नियमशास्त्र म्हणतात, पण मुळात त्या शब्दात शिकवणं, वाट दाखवणं आहे. कवी त्या नियमासाठी तहानलेला आहे, रात्री उठून त्याचा विचार करतो. मला हे आधी विचित्र वाटलं. नियमाची ओढ? नियमाची तर भीती असते. आणि शेवटच्या, १७६व्या श्लोकात हाच कवी स्वतःला चुकलेल्या मेंढराची उपमा देतो.

रूममेटला मी विचारलं, एवढं प्रेम करून शेवटी चुकलाच? तो म्हणाला, "वाट आवडते म्हणून तर चुकल्याचं कळलं ना."

लेखी

गेल्या महिन्यात एका रविवारी मी केडगावला जाऊन आलो. परतीच्या गाडीत यवतच्या आसपास मी त्या ज्युनियरला फोन लावला. तो आता नाशिकला असतो. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग तो म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. लॉगमध्ये वेळ होती. त्या वेळी मी कॅन्टीनमध्ये होतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं?"

मी सॉरी म्हणालो. तो 'असू दे' म्हणाला, पण तसं वाटून म्हणाला नाही, ते कळलं. मग विचारलं, "लेखी द्याल का?"

हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. मी फोन करून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. म्हणजे पुन्हा तेच, माझी जळजळ विझवणं. मागं फिरायचं म्हणजे जिथून वाट चुकली तिथपर्यंत, त्या अहवालापर्यंत जायला हवं होतं, आणि ते मला त्यानं दाखवलं.

सोमवारी मी तो जुना अहवाल शोधला. मी अजून त्याच कंपनीत आहे. त्यातली कुठली ओळ चूक आहे आणि खरं काय घडलं, हे लिहून मॅनेजरला मेल केला, त्याला कॉपीत ठेवलं. पाच कलमी तक्ता या वेळी जोडला नाही. शुक्रवारी अकराला मीटिंग आहे.